ऑक्टोबरची काडी

(सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



दूध आटेपर्यंतची दहा मिनिटं मला दिली आहेत. बँकेत असताना द्राक्षबागांच्या कर्जप्रकरणांसाठी दिंडोरी-निफाडकडे बरीच वर्षं बांधाबांधानं हिंडलो. म्हणून पार्किंगच्या मांडवावरच्या आपल्या वेलीबद्दल मी बोलावं, असं कमिटीनं ठरवलं.

कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात रस्ता रुंदीकरणात आपली पुढची भिंत जाणार आणि भिंतीलगतची वेलही जाणार. पहिली कुटुंबं राहायला आली, त्याच वर्षी लावलेली ही वेल. २५ वर्षांचं खोड उपटून दुसरीकडे लावलं तर ते जगेलच, असं मी सांगू शकत नाही. पण वेल वाचवता येते.

द्राक्षाचं बी पेरलं तर वेगळंच काहीतरी निपजतं. काडी लावली तर मात्र तीच वेल पुन्हा उभी राहते. तिची लेक नव्हे, तीच! आपली वेल थॉम्पसनची, म्हणजे बिनबियांची. काडीवाचून हिचा वंश चालणारच नाही. तास-ए-गणेश ही जातही थॉम्पसनमधूनच निवडलेली. तासगाव भागातल्या बागायतदाराच्या नजरेला वेगळेपण दिसलं, त्यानं ते काडीवर वाढवलं आणि आज ती जात सगळीकडे पोचली.

आता कृती. या रविवारी आपण छाटणी करणार आहोत. एप्रिलनंतर वाढलेली, तपकिरी झालेली, पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची. हिरवी, लवचीक काडी नको. तीन-चार डोळ्यांचा तुकडा करा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा काप डोळ्याच्या इंचभर वर तिरका. म्हणजे उलटी लागायची भीती नाही. रात्रभर बुडखा पाण्यात ठेवा. माती, शेणखत आणि वाळू भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत, बाकीचे वर. पिशवीला खाली भोकं हवीत. सावलीत ठेवा, माती ओली असावी, चिखल नको.

दोन-तीन आठवड्यांत पालवी दिसेल. लगेच पेढे वाटू नका. ती पालवी काडीतल्या शिल्लक अन्नावर आलेली असते. मुळ्या नंतर येतात. मूळ धरलं का, हे बघायला काडी उपटणारे महाभाग मी पाहिलेत. दोन-अडीच महिने थांबा आणि मग मोठ्या ड्रममध्ये किंवा जमिनीत लावा. सहा तास ऊन मिळेल तीच गॅलरी निवडा.

एक सावधगिरी. आपली वेल कलमी आहे. वीतभर उंचीवर गाठ दिसते, तिच्याखाली डॉगरिज नावाचा जंगली खुंट आहे. क्षारांचं पाणी आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून तो वापरतात. गाठीखालच्या फुटीची काडी नेलीत, तर नुसता पाला मिळेल. कुंडीत, नळाच्या पाण्यावर थॉम्पसन स्वतःच्या मुळांवरही चालते.

"वेल खूप वाढली, पण द्राक्षंच नाहीत," असं बऱ्याच वहिनी सांगतात. कारण कात्री लागलेली नसते. थंड देशात हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून आपण वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, प्रत्येक काडीवर एखादाच डोळा ठेवून. त्यानंतरच्या दीड-दोन महिन्यांत, मे-जूनच्या उन्हात, नव्या काडीच्या डोळ्यात घड तयार होतो. आपल्याला तो दिसतही नाही. ऑक्टोबरमध्ये पाच-सात डोळे राखून गोडी छाटणी केली की तो बाहेर पडतो आणि साधारण चार महिन्यांनी द्राक्षं हाती येतात. आमच्या भाषेत, मे महिन्यातली ठेव फेब्रुवारीत मॅच्युअर होते! उन्हाळ्यात पाला दाट ठेवून डोळे सावलीत गेले, तर ठेवच नाही, मग व्याज कुठून?

बागायतदार छाटणीनंतर डोळ्यांना जे औषध लावतात, ते विषारी असतं. घरी त्याची गरज नाही. अवकाळी पावसात पानावर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली, तर तो केवडा. ती पानं काढून टाका, वेल मोकळी ठेवा.

नव्या वेलीला फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येईल. माझं वय पाहता मी ते खाईन की नाही, हा हिशेब मी केलेला नाही. ही वेल लावणाऱ्या तळमजल्यावरच्या काकूंनीही तो केला नव्हता. आज त्या नाहीत, पण त्यांच्या द्राक्षांवर या इमारतीतली दोन पिढ्यांची पोरं वाढली.

तेव्हा रविवारी सकाळी आठ वाजता प्रत्येक घरातून एकानं पार्किंगमध्ये यावं. कात्री मी आणतो. पिशव्या आणि माती कमिटीची. एका घरी दोन काड्या न्या, कारण एखादी दगावतेच. आणि दोन्ही जगल्या, तर एक शेजारच्या सोसायटीला द्या.

दूध तयार झालेलं दिसतंय.