दोन आठवड्यांचा व्रण



पाताळगंगेच्या कांठचें आमचें आपटा गांव पनवेल तालुक्यांत आहे. टाटा स्मारक केंद्राचें खारघर येथील कर्करोग-रुग्णालयही त्याच तालुक्यांत आहे. अंतर थोड्या कोसांचें. परंतु त्या दारापर्यंत पोहोंचण्यास कित्येक रोग्यांना महिने लागतात. हे महिने रस्त्यांत जात नाहींत, जवळच्या दवाखान्यांत जातात.

दोष डॉक्टरांच्या माथीं मारून मोकळें होणें सोपें आहे. पण क्षणभर त्यांच्या खुर्चींत बसून पाहावें. खोकल्याचे शेंकडों रोगी येतात. फुप्फुसाचा कर्करोग त्यांत एखाद्यालाच. आपल्या देशांत क्षयाचें ठाणें मोठें, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत दोन्ही रोगांची छाया सारखी दिसूं शकते. म्हणून थुंकींत जंतु न सांपडतांही क्षयाचें औषध सुरू होतें, व गुणाची वाट पाहण्यांत बहुमोल काळ निघून जातो.

तोंडाचा कर्करोग मात्र इतका लपलेला नसतो. आपल्याकडील पुरुषांत तो अग्रभागीं आहे. तंबाखू आणि सुपारी हीं त्याचीं मुख्य कारणें. कित्येक स्त्रिया दांतांस मिश्री लावतात, तीही तंबाखूच. आरंभीं एखादा पांढरा वा तांबडा चट्टा, किंवा लहानसा व्रण दिसतो. तो बहुधा दुखत नाहीं, आणि हीच खरी फसवणूक. घरीं 'उष्णता झाली' म्हणून गुलकंद, दवाखान्यांत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. तेवढ्यांत गालाचा रोग जबड्यास भिडतो. वस्तुतः दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा काढून तपासला पाहिजे. तुकडा काढल्यानें रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. सुशिक्षित घरांतही ती ऐकूं येते, याचें नवल वाटतें.

नुसत्या पाहण्यानेंही किती साधतें पाहा. १९९८ सालीं टाटा रुग्णालयानें मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारें दीड लाख स्त्रियांविषयीं एक प्रयोग आरंभिला. दहावी शिकलेल्या (म्हणजे माझ्याइतक्याच!) सेविका गर्भाशयाच्या मुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून तें डोळ्यांनीं तपासीत. बारा वर्षांनंतर, ज्या वस्त्यांत ही तपासणी झाली तेथें या कर्करोगाचे मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी आढळले. मग दवाखान्यांत दिवा धरून तोंडांत पाहावयास कितीसा वेळ लागणार?

तेव्हां औषधाची चिठ्ठी हातीं घेतांना नम्रपणें विचारावें: "डॉक्टर, यानें गुण न आल्यास कोणत्या तारखेस येऊं, आणि मग पुढें काय तपासाल?" ती तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहावी. डॉक्टर बदलल्यास जुन्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्या. नाहींतर नवे डॉक्टर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजूं लागतात.