रिकाम्या हाताने बाजारात

(यवतमाळ जिल्हा बैठकीतील भाषण)



आज आम्ही तुम्हाला हिंगणघाटच्या प्रवासाची हकिकत सांगणार आहोत. हसू नका. हिंगणघाट म्हणजे काही विलायत नव्हे. राळेगावकडच्या मंडळींची निम्मी जिंदगी त्या रस्त्यावर गेली आहे. पण आम्ही चौघे या खेपेला तिथे कापूस न घेता गेलो. बंडी नाही, टेम्पो नाही, खिशात काटापट्टी नाही. परगावचा प्रवासी जसा गाव पाहायला जातो, तसे गेलो. आणि आमच्या ध्यानात आले की इतकी वर्षे त्या बाजारात जाऊनही आम्ही तो बाजार कधी पाहिलाच नव्हता.

माल घेऊन गेलेल्या माणसाला काही दिसत नाही. त्याचा जीव गाडीत अडकलेला असतो. गाडीचे भाडे चढते आहे, घरी पोराच्या फीचे पैसे द्यायचे आहेत, कृषी केंद्रवाल्याचा निरोप आलेला आहे. हर्रास करणारा गाडीपाशी आला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. तो मात्र आपल्या कापसाकडे पाहतो. फरक इथूनच सुरू होतो.

वडकीहून पुढे वर्धा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की आपला जिल्हा संपतो. पुढे वडनेर, आणि मग वेणा नदीच्या काठी हिंगणघाट. नावातच घाट आहे. रेल्वे नव्हती त्या काळी बैलांच्या पाठीवर कापूस लादून लमाणांचे तांडे या मुलखातून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा गोऱ्या साहेबाला आपल्या काळ्या मातीची आठवण झाली. भाव आकाशाला भिडले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि 1881 मध्ये हिंगणघाटातही गिरणीचा भोंगा वाजला.

त्या काळी ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका जातीचे नाव होते. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसात त्याला मान होता. हा कापूस हिंगणघाटच्या रस्त्यावर पिकत नव्हता, तो वर्धेच्या खोऱ्यातल्या गावांत पिकत होता. पण नाव लागले ते बाजाराचे. ज्याने पऱ्हाटी निंदली, ज्या बाईने बोंडे वेचताना बोटे फाडून घेतली, त्यांच्या गावाचे नाव कुठल्याच गाठीवर आले नाही. माल आपला, नाव बाजाराचे आणि भाव लिव्हरपूलचा. दीडशे वर्षांत गिरण्या आल्या, थकल्या, सरकारे बदलली. ही मांडणी मात्र फारशी बदललेली नाही.

तुम्ही म्हणाल, बाजार समितीचा कायदा झाला ना. झाला. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार 1886 मध्ये कारंजा लाडला झाला, म्हणजे आपल्याच वऱ्हाडात. 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. पण साहेबाला काळजी होती ती गिरणीला चोख कापूस मिळण्याची. कास्तकाराला चोख भाव मिळावा म्हणून कोणी रात्र जागवली नव्हती. पुढे 1972 पासून राज्यात एकाधिकार खरेदी आली. तेव्हा पैनगंगेपलीकडे आदिलाबादला दोन पैसे जास्त मिळत असले तरी कापूस नेणे हा गुन्हा ठरला. स्वतःच्या शेतातला कापूस रात्री चोरासारखा नदीपार नेणारे कास्तकार या सभेत बसलेले आहेत. नावे आम्ही घेत नाही.

आता बाजारात काय पाहिले ते सांगतो. सकाळी गाड्यांची रांग लागलेली होती. हर्रास सुरू झाला. खरेदीदार गाडीतून मूठभर कापूस ओढतो, बोटांच्या चिमटीत धागा ताणून पाहतो, सरकी दाताखाली चावून ओल पाहतो, आणि आकडा बोलतो. एका गाडीला फार तर मिनिट-दोन मिनिटे. वर्षभराच्या कष्टाचा निकाल तेवढ्यात लागतो. आम्ही रांगेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या मंडळींच्या मागे हिंडलो. आमच्या डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांना वेगळा भाव लागला. का लागला ते गाडीवाल्याने विचारले नाही. आम्ही एकाला विचारले, “भाऊ, कमी का लागला?” तो म्हणाला, “त्यायलेच माहीत.”

शेतीची पदवी घेतलेल्या माणसाला हे उत्तर झोंबते. कारण हे गणित अवघड नाही, पण कॉलेजात आम्हाला एकरी उतारा वाढवायला शिकवले, कापसाच्या भावाचा हिशेब कोणी शिकवला नाही. तो आज आपण पाटीवर मांडू.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण 34 किलो रुई निघते, 64 किलो सरकी निघते, दोनेक किलो घट जाते. 170 किलो रुईची एक गाठ, म्हणजे गाठीमागे आपला पाच क्विंटल कापूस. रुईचा भाव खंडीवर असतो आणि खंडी म्हणजे 356 किलो. समजा खंडीचा भाव 55,000 रुपये आहे आणि सरकी 3,500 रुपये क्विंटल आहे. मग 34 किलो रुईचे झाले सुमारे 5,250 आणि 64 किलो सरकीचे 2,240. बेरीज 7,490. यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. उरेल तो तुमच्या कापसाचा भाव. आकडे त्या दिवशीचे घाला, रीत हीच.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या कापसात 34 ऐवजी 36 किलो रुई असेल तर? त्याच भावाने क्विंटलमागे सुमारे 240 रुपये जास्त होतात. ते 240 रुपये कोणाचे? रुई किती निघणार याचा अंदाज खरेदीदाराच्या बोटांना आहे. आपल्याला नाही. आपण वजनावर विकतो, तो रुईवर विकत घेतो. आणि सरकीची ढेप होऊन आपल्याच बैलांसाठी आपणच ती पुन्हा विकत आणतो.

दुपारी आम्ही वेणेच्या काठी भाकरी सोडली. तिथे आमच्यातल्या एकाने आफ्रिकेतल्या सोमालिया देशाचा विषय काढला. आम्ही तिकडे गेलेलो नाही, पण वाचलेले आहे. तिथे शेबेले नावाची नदी आहे, तिच्या काठावर बेलेतवेयने, जोहर, अफगोये अशी बाजाराची गावे आहेत. त्या देशात पावसाच्या भरवशावरची ज्वारी पिकवणारे कास्तकार आहेत, अगदी आपल्यासारखे. ते ज्वारी जमिनीत खड्डा करून साठवतात. त्या खड्ड्याला ते बकार म्हणतात. आपण काय म्हणत होतो? पेव! 1991 नंतरच्या यादवीत बंदूकवाल्यांनी तिथल्या कास्तकारांचे धान्य लुटले आणि 1992 मध्ये मोठा दुष्काळ पडला. पेव भरलेले असते तोवर माणूस बाजाराला ‘थांब’ म्हणू शकतो. पेव रिकामे झाले की बाजार सांगेल तो भाव आणि देणारा देईल ती भाकर.

आपली पेवे कोणी लुटली नाहीत. ज्वारीच गेली आणि पेवे आपोआप बुजली. आता आपल्याकडे उरला कापूस. तो घरात भरून ठेवला तर अंगाला खाज सुटते, उंदीर लागतात, आगीची भीती वेगळीच. म्हणून आपण वेचणी झाली की पळतो. आणि सगळे एकदम पळतात. आपल्या घाईचाच भाव पडतो.

बाजार गावापुरता राहिलेला नाही, हेही ध्यानात ठेवा. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आपल्या वेचणीची वेळ. त्याच हंगामासाठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झालेला होता. एका हाताने हमी आणि दुसऱ्या हाताने आयात. हमीभावाच्या खरेदीत ओल 8 टक्क्यांच्या वर गेली की कपात आणि 12 च्या वर गेली की गाडी परत. दिवाळीच्या आधी वेचलेल्या कापसाची ओल 12 च्या आत आणायला वाळवायला जागा लागते, दोन उन्हे लागतात, आणि तेवढे दिवस उधारी थांबावी लागते.

तेव्हा आमचे मागणे मोर्चाचे नाही. मोर्चे निघतील, त्यांची वेळ येईल. आज एकच काम सांगतो. प्रत्येक गावाने पुढच्या महिन्यात दोन माणसे बाजारात रिकाम्या हाताने पाठवायची. त्यांत एक बाई असली पाहिजे, कारण वेचणी तिची आहे आणि कवडी कोणती, चोख कोणता, हे तिच्या बोटांना कळते. त्यांनी वहीत लिहायचे: पहिल्या गाडीचा भाव, शेवटच्या गाडीचा भाव, ओलीचा आकडा कोणी आणि कशाने मोजला, तोलाईत किती कापले, त्या दिवशी रुईची खंडी आणि सरकी काय भावाने होती. शक्य असेल तर गावातल्या चार जणांचा कापूस एकत्र करून जिनिंगमध्ये रुईचा उतारा काढून आणायचा.

पुढच्या जिल्हा बैठकीला भाषणे कमी ठेवू आणि वह्या उघडू. पन्नास गावांच्या वह्या एकत्र आल्या की रुईच्या टक्क्यावर भाव मागायला आपल्यापाशी आकडे असतील. हर्रास करणारा गाडीपाशी आला की त्याच्या तोंडाकडे पाहायचे कारण उरणार नाही. आपणही कापसाकडेच पाहू, आणि आकडा आधी आपण बोलू.

हिंगणघाटहून परतताना वर्धेच्या पुलावर अंधार झाला होता. समोरून आपल्या जिल्ह्यातल्या कापसाच्या गाड्या एकामागून एक येत होत्या, सकाळच्या रांगेसाठी. त्यातला एक गाडीवाला ओळखीचा निघाला. त्याने विचारले, “काय नेलं होतं जी?” आम्ही म्हणालो, “काहीच नाही.” तो म्हणाला, “मग गेले कायले?”

त्याला उत्तर द्यायला आम्ही आज इथे उभे आहोत.