श्रेयनामावलीच्या आधीची माणसं



१४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर, ११५५ क्रमांकाच्या जागेत एक दुकान उघडलं. आत एडिसनच्या कारखान्यातली दहा यंत्रं, पाच-पाचच्या दोन रांगांत मांडलेली. पंचवीस सेंट द्यायचे आणि एका रांगेतल्या पाचही पेट्यांच्या भोकाला आळीपाळीनं डोळा लावायचा. आत चित्र हलायचं. पैसे घेऊन चालती चित्रं दाखवण्याचा धंदा इथून सुरू झाला. एडिसनचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. दुकान चालवणारे होते अँड्र्यू आणि जॉर्ज हॉलंड हे भाऊ, राहणार ओटावा, कॅनडा. दोन वर्षांनी, २१ जुलै १८९६ रोजी, त्यांनी ओटावाच्या एका बागेत पडद्यावर चित्रं दाखवली. आपल्या मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं लागली ती त्याच महिन्यात, ७ तारखेला. म्हणजे या एका बाबतीत मुंबई ओटावाच्या दोन आठवडे पुढं होती.

आज मी तुमच्याशी कॅनडाबद्दल बोलणार आहे याचं काहींना नवल वाटेल. दीक्षान्त भाषणात यशस्वी माणसांची उदाहरणं द्यायची रीत आहे. मला ती माणसं हवी आहेत ज्यांनी यश मिळवलं, धंदा उभा केला आणि तरीही ज्यांची नावं पुसली गेली. ती कशी पुसली गेली, हे तुम्हाला पुढच्या आठवड्यापासूनच उपयोगी पडेल.

जेम्स फ्रीअर हा मॅनिटोबातला शेतकरी. १८९७ साली त्यानं कॅमेरा मिळवला आणि आपल्या परिसरातली पिकाची कापणी, आगगाड्या असं चित्रित करू लागला. पुढच्या वर्षी ती चित्रं घेऊन तो इंग्लंडभर फिरला. पाठीशी होती कॅनेडियन पॅसिफिक ही रेल्वे कंपनी. कंपनीकडे विकायला अफाट जमीन होती, ती कसायला माणसं हवी होती, आणि डोलणारा गहू बघून माणूस बोटीत चढेल हा तिचा हिशेब होता. काही वर्षांनी याच कंपनीनं लंडनच्या चित्रपटवाल्यांकडून कॅनडावर आणखी चित्रं काढून घेतली, तेव्हा ताकीद दिली की हिवाळा अजिबात दाखवायचा नाही. बर्फाच्या देशाचा चित्रपट, आणि त्यात बर्फाला बंदी! जाहिरात क्षेत्रात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं; गिऱ्हाईकाच्या अटी तेव्हापासून फारशा बदललेल्या नाहीत. फ्रीअरचं एकही चित्र आज शिल्लक नाही.

कॅनडात लोकवस्ती विरळ आणि पसरलेली. चित्रपट तयार व्हायचे ते न्यूयॉर्कला, मग कॅलिफोर्नियात. त्यामुळे महत्त्वाकांक्षा असलेला माणूस सीमा ओलांडायचा, आणि सीमेपलीकडे दिसायला-बोलायला अमेरिकन माणसासारखाच असल्यानं त्यांच्यात विरघळून जायचा. मॅक सेनेट क्वेबेकमधला; विनोदी चित्रपटांची कीस्टोन कंपनी त्यानं १९१२ साली काढली आणि चॅप्लिनला कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभं केलं ते तिथंच. १९११च्या ऑक्टोबरात खास हॉलिवूडच्या हद्दीत पहिला स्टुडिओ सुरू झाला, त्यात विनोदी चित्रपट काढणारा अल ख्रिस्ती ओंटारिओतला. उत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर लागोपाठ तीन वर्षं मेरी पिकफर्ड, नॉर्मा शिअरर आणि मारी ड्रेसलर यांना मिळालं. तिघींचा जन्म कॅनडातला. ध्वनी शाखेच्या मुलांसाठी आणखी एक. ज्या समारंभात नॉर्माला ऑस्कर मिळालं, त्याच समारंभात ध्वनिमुद्रणाचं पहिलं ऑस्कर एमजीएम या चित्रपट कंपनीच्या ध्वनिविभागाला मिळालं, आणि त्या विभागाचा प्रमुख होता तिचा सख्खा भाऊ डग्लस. बहीण आठवते काहींना. भाऊ आपल्यातल्याच लोकांना माहीत नाही.

पण मला जास्त वेळ थांबायचंय ते फ्लॉरेन्स लॉरेन्सपाशी.

जन्म हॅमिल्टन, ओंटारिओ. आईची फिरती नाटक कंपनी, त्यामुळे बालपण रंगमंचावरच गेलं. १९०८च्या सुमारास ती न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीत दिग्दर्शक ग्रिफिथच्या हाताखाली काम करू लागली. आठवड्याला दोन-दोन चित्रपट निघायचे. लोक तिकिटाच्या खिडकीवर तिची चौकशी करायचे, कंपनीला पत्रं लिहायचे. नाव मात्र कुणालाच माहीत नव्हतं, कारण कंपनी नटांची नावं छापतच नसे. नाव झालं की माणूस पगार वाढवून मागतो, एवढं साधं गणित. लोक तिला नुसतं ‘बायोग्राफची मुलगी’ म्हणत. तिनं दुसरीकडे काम शोधायला सुरुवात केली तेव्हा कंपनीनं तिला काढून टाकलं, आणि कार्ल लेमली या निर्मात्यानं तिला आपल्याकडे घेतलं. १९१०च्या मार्चमध्ये त्यानं व्यावसायिक साप्ताहिकात जाहिरात दिली: फ्लॉरेन्स लॉरेन्स ट्राम अपघातात गेली ही अफवा आमच्या शत्रूंनी उठवली आहे, ती सुखरूप आहे आणि आमच्याकडे काम करते आहे. अफवा खुद्द लेमलीनंच पिकवली असावी असा बऱ्याच अभ्यासकांचा संशय आहे. मग तिला सेंट लुइसला नेऊन लोकांपुढं उभं केलं आणि एकच झुंबड उडाली. चित्रपटतारका म्हणतात ती गोष्ट अशी जन्माला आली. नाव मिळालं, पण मरणाच्या बातमीबरोबर.

पुढं नवऱ्यासोबत तिनं स्वतःची कंपनी काढली. एकदा चित्रीकरणात लागलेल्या आगीत ती जबर जखमी झाली आणि मोठ्या भूमिकांचे दिवस हळूहळू संपले. तिला मोटारींचा भारी नाद. वळताना मागच्याला दिशा दाखवणारा हात तिनं तयार केला. ब्रेक दाबल्यावर ‘थांबा’ अशी पाटी वर येणारी सोयही केली. पेटंट दोन्हींचं घेतलं नाही. तिच्या आईनं, शार्लट ब्रिजवूड यांनी, विजेवर चालणाऱ्या काचपुसणीचं पेटंट १९१७ साली घेतलं होतं. त्याचाही पैसा त्यांना मिळाला नाही. तेव्हा ‘कागदपत्रं नीट ठेवा, सगळं ठीक होईल’ असं मी म्हणणार नाही. कागद असला तर भांडायला निदान आधार असतो, इतकंच. १९३०च्या दशकात एमजीएमनं तिला किरकोळ भूमिकांसाठी थोड्या पगारावर ठेवून घेतलं. १९३८च्या डिसेंबरात तिनं स्वतःचं जीवन संपवलं. तिच्या थडग्यावर १९९१ पर्यंत नाव नव्हतं.

टोरांटोचा सिडनी ओल्कॉट हे प्रकरण वेगळं आहे. १९०७ साली त्यानं ‘बेन हर’ या गाजलेल्या कादंबरीवर एका रिळाचा चित्रपट काढला. त्याच्या कंपनीनं कुणाचीच परवानगी घेतली नव्हती. तेव्हा कुणीच घेत नसे. प्रकाशक कोर्टात गेले आणि १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की कादंबरीवरून चित्रपट काढायचा तर हक्क घ्यावे लागतील. पटकथा लिहिणाऱ्यांनो, तुमच्या करारातलं हक्कांचं कलम या चोरीच्या पोटी जन्मलंय. हाच ओल्कॉट पुढं येशूच्या चरित्रावरच्या चित्रपटासाठी युनिट घेऊन थेट इजिप्त आणि पॅलेस्टाइनला गेला. त्या काळी कापडी पडद्यावर रंगवलेल्या वाळवंटावर सगळ्यांचं भागत होतं.

आणि रेल्वेला नको असलेला तो हिवाळा? १९१९ साली नेल शिपमननं तोच पडद्यावर आणला. ही व्हिक्टोरियाची, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची. निर्माता गोल्डविनचा सात वर्षांचा करार तिनं नाकारला होता. ‘बॅक टू गॉड्स कंट्री’साठी ती आल्बर्टाच्या उत्तरेला, गोठलेल्या लेसर स्लेव्ह सरोवरावर युनिट घेऊन गेली. मूळ कथेचा नायक होता कुत्रा. पटकथेत तिनं नायिकेला पुढं आणलं आणि ती भूमिका स्वतः केली. थंडी इतकी की नायकाचं काम करणारा नट न्युमोनियानं दगावला. धाडस म्हणून हे सांगितलं जातं. मला ते तसं सांगवत नाही. चित्रपटापायी माणूस जाणं ही कौतुकाची गोष्ट नाही, निर्मिती सांभाळणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. चित्रपटानं पैसा उदंड मिळवला. त्या पैशाच्या भरवशावर नेलनं अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या प्रीस्ट लेकच्या काठी स्वतःचा स्टुडिओ आणि प्राणिसंग्रह थाटला. प्राण्यांना मारझोड करून काम करून घ्यायला तिचा सक्त विरोध होता. पण पुढचा चित्रपट ज्या वितरकाकडे गेला त्याचं दिवाळं वाजलं, आणि सारं संपलं. मोठ्या कंपन्यांनी थिएटरंच ताब्यात घेतलेल्या त्या वर्षांत एकट्या निर्मात्याला चित्रपट लावायला जागा उरली नव्हती. नेल चांगली होती की वाईट, हा प्रश्न तिथवर पोहोचलाच नाही.

अमेरिकेतले बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. नायट्रेटची फिल्म पेट घेते, कुजते, आणि बोलपट आल्यावर ती सांभाळण्यात कुणालाच फायदा दिसत नव्हता. कॅनडाच्या युकॉनमधलं डॉसन सिटी हे वितरणाच्या साखळीतलं शेवटचं गाव. तिथं पोहोचेपर्यंत चित्रपट इतका जुना व्हायचा की परतीचं भाडं देणं वितरकाला परवडत नसे. मग १९२९ साली साठलेली रिळं एका तरणतलावात भर म्हणून टाकली आणि वर बर्फावरच्या हॉकीचं मैदान केलं. १९७८ साली खोदकामात पाचशेहून अधिक रिळं वर आली, कायम गोठलेल्या जमिनीनं राखलेली. आपल्याकडे असं गोठवणारं काही नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काहीच रिळं उरली, यात आपल्या हवेचा वाटा आहे आणि आपलाही.

नेल शिपमनचं आत्मचरित्र ती गेल्यानंतर सतरा वर्षांनी, १९८७ साली छापलं गेलं. छापलं बॉयझी स्टेट या आयडाहोतल्या विद्यापीठानं. तिथले इंग्रजीचे प्राध्यापक टॉम ट्रस्की यांनी तिचे विखुरलेले चित्रपट हुडकून एकत्र आणले. हा काही त्यांच्या विषयाचा अभ्यासक्रम नव्हता.

तुम्ही पदवीसाठी केलेले लघुपट सध्या कुठे आहेत, विचारलंत का? विभागाच्या एका हार्ड डिस्कवर असतील, आणि सोबत कुणी काय केलं याची यादी असेल किंवा नसेलही. फोटो काढून झाले की आधी तिकडे जा. कार्यालय पाच वाजता बंद होतं.