महाविद्यालयाची निवड

(वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



पाठशाळेत व्याकरण शिकविणाऱ्या माणसाने महाविद्यालयाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु दहावी-बारावीचे निकाल लागले, की श्रींच्या दर्शनास आलेली मंडळी प्रसाद घेऊन परत निघण्यापूर्वी पाठशाळेच्या ओसरीवर टेकतात आणि "शास्त्रीबुवा, मुलाला कोठे घालावे?" असे विचारतात. दरवर्षी तेच तेच उत्तर तुटक तुटक देण्यापेक्षा एकदा सविस्तर बोलावे, म्हणून व्यवस्थापकांची ही आज्ञा मी आनंदाने स्वीकारली.

आमच्या आजोबांच्या पिढीपुढे हा प्रश्न अशा रूपाने उभाच राहत नसे. गोव्यात १८४२ पासून वैद्यकशाळा होती, १८५४ पासून पणजीचे लिसेव होते; पण बी. ए. व्हावयाचे तर घाट चढणे भाग होते. कोणी धारवाडास १९१७ मध्ये निघालेल्या कर्नाटक महाविद्यालयात जाई, कोणी बेळगावास लिंगराज किंवा पुढे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात, आणि ज्याचा मुंबई-पुण्यास आप्त असेल तो तिकडे. जेथे जेवणाची सोय, तेथे विद्या! गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि पुढल्याच वर्षी पणजीस धेंपे व मडगावास चौगुले ही महाविद्यालये उघडली. ती प्रथम मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये झाले. आज अडचण उलट आहे. पर्याय इतके, की घरोघरी माहितीपत्रकांचा ढीग पडतो आणि निवड मात्र शेजाऱ्याचा मुलगा जेथे गेला तेथेच होते.

या संदर्भात मला धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण होते. साष्टीतील साखवाळ गावी १८७६ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ. इंग्रजी शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नव्हते, पदरी द्रव्य नव्हते. बुद्धाविषयी मुळातून जाणून घ्यावे, एवढी एकच इच्छा धरून १८९९ मध्ये ते घराबाहेर पडले. पुण्यास डॉ. भांडारकरांना भेटले, ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नंतर पालीसाठी सिंहलद्वीप गाठून कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी बसले. पुढे तेच फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक झाले आणि हार्वर्ड विद्यापीठानेही त्यांना बोलाविले. त्यांचा वैराग्याचा मार्ग सर्वांनी धरावा, असे मी म्हणत नाही. घरदार सोडण्याची तर मुळीच गरज नाही. पण क्रम पाहा. आधी काय शिकावयाचे ते ठरले, मग ते कोण शिकवितो याचा शोध झाला, गाव सर्वांत शेवटी ठरले. आपण आधी गाव ठरवितो, मग इमारत पाहतो, आणि गुण ज्या शाखेत नेतील ती शाखा घेतो.

मी स्वतः याच रीतीने फसलो. बारावीनंतर संस्कृत घेऊन बी. ए. करावे, म्हणून मी एका मोठ्या शहरातील नामांकित महाविद्यालयात गेलो. दगडी कमानी पाहूनच मी दिपून गेलो होतो आणि गावात वडिलांची मान उंचावली होती. माहितीपत्रकात संस्कृत हा विशेष विषय स्पष्ट छापलेला होता. प्रवेश झाल्यावर कळले, की संस्कृतचे प्राध्यापक दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले असून जागा रिकामी आहे. शनिवारी एक गृहस्थ बाहेरून येत, तेही चार शनिवारांतून दोनदा. वर्ष संपले तेव्हा नलोपाख्यान निम्मे राहिले होते. इकडे वडिलांनी सुपारीचे पीक झाडावर असतानाच विकून माझे शुल्क भरले होते, त्यामुळे महाविद्यालय बदलण्याची भाषा करण्यास मला तोंड नव्हते. संस्थेचा दोष असेल तो असो, पण प्रवेशाआधी एक दिवस जाऊन "संस्कृत कोण शिकवितात?" एवढे तीन शब्द मी विचारले नाहीत, हा दोष माझाच.

म्हणून माझे पालकांना सांगणे आहे, की मुलाला घेऊन एकदा प्रत्यक्ष जा. तेही सुट्टीत नव्हे, वर्ग चालू असताना. त्या विषयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांना गाठा. अध्यापक कायम आहेत की तासिकेवर, तास होतात की कागदावर राहतात, हे ती मुले दोन मिनिटांत सांगतात. ग्रंथालयात शिरून बसलेली डोकी मोजा. 'नॅक'च्या श्रेणीची पाटी दारावर असते. १९९४ मध्ये स्थापन झालेली ही परिषद संस्थेची पाहणी करते आणि ती पाहणी उपयुक्तही आहे, परंतु तुमच्या मुलाच्या विषयाचा अध्यापक जागेवर आहे की नाही, हे त्या अक्षरावरून उमगत नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती यांची चौकशी बहुतेक जण करतातच, त्याविषयी मी बोलत नाही.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. महाविद्यालयाची निवड बारावीनंतर होते, हा भ्रम आहे. ती पुष्कळशी दहावीनंतर, विषय घेतानाच होऊन जाते. आमच्या परंपरेतील प्राक्शास्त्री व शास्त्री या परीक्षा अनुक्रमे बारावी व बी. ए. यांच्या समकक्ष मानल्या जातात. तरीही अमुक ठिकाणी ती समकक्षता मान्य आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. आणि आमच्या पाठशाळेच्या क्रमात गणित-विज्ञान नाही, हे मी लपवून चालणार नाही.

गेल्या वर्षी असाच प्रसंग आला. आमच्या वर्गातील सर्वांत कुशाग्र मुलगा दहावी झाला. सूत्र सांगितले, की त्याची अनुवृत्ती कोठपर्यंत जाते हे तो माझ्याआधी सांगे. त्याला गणित शिकावयाचे होते. मी त्याला म्हटले, "दोन वर्षे येथेच राहा, मग पाहू." दोन वर्षांनी पाहण्यासारखे काही उरणार नाही, विज्ञानशाखेचे दार तोवर मिटलेले असेल, हे मला पक्के ठाऊक होते. तो गेला तर वरच्या वर्गात दोनच विद्यार्थी उरत होते, हेही ठाऊक होते. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने विचारले, "शास्त्रीबुवा, तुमचा मुलगा असता तर?" मी खरे ते सांगितले. तो विज्ञानशाखेत गेला. वरच्या वर्गात आज दोनच विद्यार्थी आहेत. तो रविवारी सकाळी कौमुदीच्या पाठाला येतो, आणि हैदराबाद विद्यापीठात संस्कृतच्या विभागात संगणकाने वाक्याचा पदच्छेद व अन्वय करण्याचे काम चालते, ही बातमी त्यानेच मला आणून दिली. गणित व पाणिनी एकत्र नांदतात, असे ठिकाण मला सुचले नव्हते. त्याने ते शोधून काढले.

आता प्रवेश झाल्यावर काय करावे? आपल्याकडे विद्येचे चार पाद मानतात: एक गुरूकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि एक कालांतराने मिळणारा. शुल्क भरतो ते पहिल्या पादाचेच. माझा पहिला पाद लंगडा निघाला, तेव्हा तिसऱ्याने मला सावरले. वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याबरोबर रोज संध्याकाळी ग्रंथालयात बसून मी रघुवंश लावला. तो अर्थ सांगे, मी शंका काढी, दुसऱ्या दिवशी उलट. पाठशाळेत याला आम्ही चिंतनिका म्हणतो. शलाकापरीक्षाही दोघांना घरी करता येते: पुस्तकात काडी घालावी, जे पान उघडेल ते न अडखळता समजावून द्यावे. रसायनशास्त्राच्या पुस्तकालाही ती लागू पडते. अध्यापकांना वर्गाबाहेर भेटण्याचा संकोच करू नये. माझ्या पाहण्यातील चांगले अध्यापक शंका घेऊन येणाऱ्या मुलाची वाटच पाहत असतात, आणि वर्षभरात अशी चार-पाच मुलेही त्यांच्या दारी येत नाहीत.

वेळ झाली आहे, आरतीची घंटा होईल. ज्यांच्या घरी यंदा हा प्रश्न आहे, त्यांनी उद्या सकाळच्या पाठानंतर पाठशाळेच्या ओसरीवर यावे. गुणपत्रिका व माहितीपत्रक बरोबर असावे, आणि मुलालाही आणावे. कारण पहिला प्रश्न मी त्यालाच विचारणार आहे.