पाण्याची कंपनी आणि गुरुजींची पुंजी

(कोरेगाव भीमा येथे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मला एका गुरुजींनी दिला. त्यांच्या निवृत्तीस आता दीड वर्ष उरले आहे. गेल्या महिन्यात त्यांनी वर्तमानपत्राचे एक कात्रण माझ्या हाती ठेवले. पाणी शुद्ध करणारी यंत्रसामग्री बनविणारी एक लहानशी कंपनी चीनमध्ये विस्तार करणार असल्याची ती बातमी होती. गुरुजी म्हणाले, "साहेब, भविष्य निर्वाह निधी हाती आला की यात घालावा म्हणतो. पाण्याची गरज का कधी सरणार आहे?" गुरुजी आज या सभेत बसले आहेत आणि त्यांच्या अनुमतीनेच मी हे सांगत आहे.

पाण्याची गरज सरणार नाही, हे कोरेगावकरांना निराळे सांगावयास नको. वर तुळापूरला इंद्रायणी भीमेस मिळते आणि येताना पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही घेऊन येते. खाली रांजणगाव सांडस येथे मुळा-मुठा पुण्याचे पाणी घेऊन येते आणि हे सारे पुढे उजनीच्या जलाशयात साठते. जलप्रदूषणास आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला. केंद्राचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १९७४ मध्ये आला. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करूनच सोडावे असे बंधन आले, तेव्हा शुद्धीकरणाच्या यंत्रांस खरे गिऱ्हाईक मिळाले. हा धंदा नदीच्या दुःखावर उभा नाही, सरकारी हुकुमावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल. चीनमध्येही हेच घडले. २०१५ च्या एप्रिलमध्ये तेथील शासनाने जलप्रदूषण नियंत्रणाचा व्यापक कृती आराखडा जाहीर केला आणि पाण्याच्या कंपन्यांच्या आशा पालवल्या.

परंतु गरज एकाची असते आणि पैसे दुसऱ्याला द्यावयाचे असतात. हे पंचायत सदस्यांइतके कोणास ठाऊक असणार? नळाला पाणी रोज येते. पाणीपट्टी मात्र मार्चअखेरीस दवंडी पिटूनही पुरती येत नाही. गावात आर.ओ.चे यंत्र बसविले की पहिल्या दिवशी नारळ फुटतो, फोटो निघतो. दोन वर्षांनी मेम्ब्रेन बदलण्याची वेळ आली की खर्च कोणत्या निधीतून टाकावयाचा यावर मासिक सभेत तास जातो.

आता त्या यंत्राच्या पुरवठादाराच्या बाजूने पाहा. त्याने निविदा भरली, अनामत ठेवली, उधारीवर पोलाद व पंप आणले, काम उभे केले, चाचणी दिली. मग बिल. मग तपासणी. मग बिलातील राखून ठेवलेली रक्कम, जी हमीची मुदत संपल्यावर मिळावयाची. कागदोपत्री त्याला नफा झालेला असतो, आणि कामगारांच्या पगारासाठी तो बँकेच्या दारात उभा असतो. हे अंतर शिरूर तालुक्यात काही महिन्यांचे असेल, तर परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या नगरपालिकेच्या दारात किती वाढेल याचा हिशेब गुंतवणूकदाराने आधी मांडावा.

"बांधा, वापरा व हस्तांतरित करा" या पद्धतीत तर हे अंतर वर्षांचे होते. कंपनी स्वतःच्या व कर्जाच्या पैशाने प्रकल्प उभारते आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे घनमीटरमागे ठरलेल्या दराने पाणी विकून वसुली करते. पैसा आज जातो आणि थेंबाथेंबाने परत येतो.

गुरुजींच्या प्रश्नाशी तंतोतंत जुळणारे उदाहरण सिंगापूरचे आहे. ऑलिव्हिया लम या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ मध्ये नोकरी सोडली आणि वीस हजार सिंगापूर डॉलरच्या भांडवलावर पाणीशुद्धीकरणाचा लहान व्यवसाय काढला. तोच पुढे हायफ्लक्स झाला. १९९० नंतरच्या दशकात कंपनी चीनमध्ये शिरली, २००१ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. २००७ मध्ये चीनमधील तेरा जलप्रकल्प एका न्यासात घालून त्याचीही बाजारात नोंदणी झाली. त्यानंतर तिआनजिन येथे दिवसाला एक लाख घनमीटर समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प तिने उभारला. २०११ मध्ये लमबाईंना जगातील वर्षाच्या उद्योजिकेचा सन्मान मिळाला. त्याच वर्षी कंपनीने सहा टक्क्यांचे अग्रहक्क भाग विकले आणि २०१६ मध्ये सहा टक्क्यांचेच, मुदत नसलेले रोखे. लोकांनी रांगा लावून ते घेतले. पाण्याची कंपनी, नावाजलेली बाई, ठेवीपेक्षा बरे व्याज. आणखी काय हवे?

कंपनीस चीनने बुडविले असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे जी सवय लागली, म्हणजे आधी कर्ज काढून बांधावयाचे आणि मग सावकाश वसूल करावयाचे, तीच तिने मायदेशी तुआसप्रिंग प्रकल्पात मोठ्या प्रमाणावर वापरली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पास वीजनिर्मितीचीही जोड होती. जादा वीज विकून कर्ज फेडावयाचे होते. विजेचे भाव उतरले आणि हिशेब कोसळला. २०१८ च्या मे महिन्यात कंपनीने न्यायालयाचे संरक्षण मागितले आणि २०२१ मध्ये तिच्या समापनाचा आदेश निघाला. अग्रहक्क भाग व रोखे घेणारे लहान गुंतवणूकदार सुमारे चौतीस हजार होते. जवळजवळ शिरूर शहराच्या वस्तीएवढा हा आकडा आहे. त्यांचे नव्वद कोटी सिंगापूर डॉलर त्यात होते आणि त्यांत निवृत्त माणसे पुष्कळ होती. वाटपाच्या रांगेत त्यांचा क्रमांक बँकांच्या मागे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे काम मात्र पुढेही चालू राहिले. २०१९ मध्येच तो भाग सिंगापूरच्या सरकारी पाणी संस्थेने आपल्या ताब्यात घेतला होता.

हे झाले खऱ्या प्रकल्पांचे. खोट्या प्रकल्पांचीही कथा आहे. चीनमधील डालियान येथील रिनो इंटरनॅशनल ही पोलाद कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारी कंपनी. २००९ मध्ये ती अमेरिकेतील नॅसडॅक बाजारात दाखल झाली. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये एका संशोधन संस्थेने तिची चीनमधील सरकारी दप्तरे उघडून पाहिली. अमेरिकेत दाखविलेली एका वर्षाची विक्री एकोणीस कोटींवर डॉलर. चीनच्या दप्तरात जेमतेम एक कोटी दहा लाख. महिनाभरात कंपनी बाजारातून बाहेर फेकली गेली. त्या संस्थेचे नाव मडी वॉटर्स, म्हणजे गढूळ पाणी. पाणी गढूळ असले की मासे धरणे सोपे, या चिनी म्हणीवरून ते घेतले आहे. आपल्याकडे निराळे काय म्हणतात?

परदेशी उदाहरणे ऐकून आपली माणसे "ते तिकडचे" म्हणून सोडून देतात, म्हणून घरचे एक सांगतो. चिंचवडची थरमॅक्स १९६६ मध्ये वॅन्सन या नावाने सुरू झाली. बॉयलर हा तिचा मूळ धंदा, पण पाणी शुद्ध करणारी रेझिने ती खोपोलीजवळ पौध येथे बनविते. १९९५ मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि पुढे काही वर्षांतच चारशे रुपयांचा शेअर छत्तीसवर उतरला. एका भागधारकाने अध्यक्षा अनू आगा यांना निनावी पत्र लिहून, तुम्ही आम्हांस तोंडघशी पाडले, असे सुनावले. त्यांनी ते पत्र केराच्या टोपलीत टाकले नाही. बाहेरचे सल्लागार आणले, तोट्याचे व्यवसाय आवरले आणि कंपनी सावरली. पुढे २००८ च्या सुमारास थरमॅक्सने चीनच्या झेजियांग प्रांतात जियाशिंग येथे कारखाना काढला. तो पाण्याचा नव्हे, वाफेवर चालणाऱ्या शीतकांचा होता. ज्याच्यापाशी नाव, भांडवल आणि चाळीस वर्षांचा अनुभव होता, त्यालाही ती पेठ मानवली नाही. तेथील उत्पादन थांबले आणि शीतकांचे काम आंध्र प्रदेशातील श्रीसिटीच्या नव्या कारखान्यात गेले. कंपनी मोठी होती, तिने घाव सोसला. लहान कंपनीस असा एकच घाव पुरतो. गंमत अशी की त्याच सुमारास, २००७ मध्ये, चीनची हायर कंपनी आपल्या रांजणगावात आली आणि येथे टिकली.

शासकीय सेवकांसाठी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शेअरमधील सट्ट्यास मनाई आहे. अधूनमधून, अधिकृत दलालामार्फत केलेली गुंतवणूक निराळी आणि रोजची उलाढाल निराळी. टेबलाखाली मोबाईल धरून भाव पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

मी स्वतःही शहाणा नव्हतो. नोकरीच्या प्रारंभी एका लहान कंपनीची परदेशी कंत्राटाची जाहिरात वाचून मी तीन महिन्यांचा पगार घातला होता. कंत्राटाची रक्कम मी पाहिली. ती वसूल कधी होणार हे पाहिले नाही. मी कला शाखेचा पदवीधर. ताळेबंद वाचणे आपले काम नव्हे, असे तेव्हा वाटे. वास्तविक त्यास सातवीचे गणित पुरते.

गेल्या रविवारी गुरुजी आणि मी शाळेच्या व्हरांड्यात त्या कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन बसलो. चीनविषयीची चार रंगीत पाने उलटून टाकली. मागच्या भागात रोख प्रवाहाचे पत्रक सापडले. वर नफा दिसत होता. धंद्यातून आलेली रोकड मात्र उणे होती. गिऱ्हाइकांकडील येणी विक्रीहून वेगाने वाढली होती आणि कर्जही वाढले होते. गुरुजींनी चष्मा पुसला, तो आकडा बोटाने दोनदा वाचला आणि म्हणाले, "ही तर आपली पाणीपट्टीच झाली." मग त्यांनी अहवालाची घडी केली आणि मला विचारले, "याच्या आदल्या दोन वर्षांचे अहवाल कोठे मिळतील?" ते मिळविण्याचे मी कबूल केले आहे.