डेटा स्वस्त झाला, मग रेंज का नाही सुधारली?

हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय तुमच्या हातातच आहे. म्हणजे तुमचा फोन नाही, त्या फोनमधलं सिमकार्ड.

आपल्याकडे एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "भारतात डेटा जगात सगळ्यात स्वस्तातला आहे." खरं आहे ते. पण मग जिन्यात उभं राहून "हॅलो, आवाज येतोय का?" असं आपण अजून का ओरडतो? कंपन्यांची एवढी स्पर्धा झाली, त्यात भाव उतरले, पण सर्व्हिस त्या मानाने का नाही सुधारली? आज आपण हेच उलगडून बघू.

आधी थोडा इतिहास. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन लावला होता. तेव्हा समोरून आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. "मिस कॉल दे" हे वाक्य वापरणारी आमची पिढी त्यानंतरची! मग कंपन्या वाढत गेल्या. एक वेळ अशी होती, की काही सर्कलमध्ये दहापेक्षा जास्त ऑपरेटर होते. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टूजीची १२२ लायसन्स रद्द केली आणि गर्दी कमी व्हायला सुरुवात झाली.

खरा धक्का बसला सप्टेंबर २०१६ मध्ये. जिओ आलं, ते कॉल आणि डेटा फुकट देतच आलं. त्याआधी एक जीबीला साधारण अडीचशे रुपये मोजावे लागायचे. पुढच्या दोन-तीन वर्षांत रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टाटा डोकोमो, टेलिनॉर अशी नावं बाजारातून गेली. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाल्या. आता उरल्या तीन खासगी कंपन्या आणि चौथी सरकारी बीएसएनएल.

आता मुद्दा नीट ऐका. भाव आपल्याला दिसतो. २८ दिवस, रोज दीड जीबी, इतके रुपये. दोन कंपन्यांचे प्लॅन शेजारी ठेवले की दोन मिनिटांत कळतं कोण स्वस्त. पण क्वालिटी? ती रिचार्ज करण्याआधी दिसत नाही. शिवाय ती प्रत्येक जागेला वेगळी असते. माझ्या ऑफिसात जी कंपनी भारी चालते, ती माझ्या खोलीत चालेलच असं नाही. जे ग्राहकाला दिसतं, त्यावर स्पर्धा जोरात होते. जे दिसत नाही, त्यावर कमी होते. आणि भाव उतरला की प्रत्येक माणूस डेटा जास्त वापरतो. टॉवर तोच, स्पेक्ट्रम तेवढंच, वापरणारे मात्र कितीतरी जास्त. म्हणून रेंज फुल्ल असूनही संध्याकाळी व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो.

बरं, मग क्वालिटी मोजायची कशी? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. जुन्या जीएसएम नेटवर्कमध्ये एक काउंटर असतो. कॉल चालू असताना फोनला टॉवरचा निरोप वाचता आला नाही, की काउंटर एकने कमी होतो. वाचता आला, की दोनने वाढतो. शून्यावर आला, की कॉल तुटला. हा काउंटर कितीपासून सुरू करायचा, हे कंपनी ठरवते: ४ पासून ६४ पर्यंत. ४ ठेवला तर सिग्नल गेल्यावर दोन सेकंदांत कॉल कटतो. ६४ ठेवला तर जवळपास तीस सेकंद कॉल "चालू" राहतो, पण आवाज काहीच नाही. आता सांगा, तीस सेकंद शांतता ऐकून तुम्ही काय कराल? स्वतःच फोन कापाल. झालं! कागदावर तो कॉल ड्रॉप नाही, ग्राहकाने व्यवस्थित संपवलेला कॉल आहे. २०१६ च्या सुमाराला यावर आपल्या देशात बरीच चर्चा झाली होती. कारण त्याच काळात ट्रायने नियम केला होता, की प्रत्येक कॉल ड्रॉपला एक रुपया भरपाई द्यायची, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला.

दुसरी गंमत सरासरीची. आपलं सर्कल "महाराष्ट्र आणि गोवा" असं एकत्र आहे, मुंबईचं वेगळं. म्हणजे पुणे, नागपूर, पणजी आणि गडचिरोली एकाच टोपलीत. २०१७ मध्ये ट्रायने नुसती सरासरी सोडून बरा निकष आणला: निदान ९० टक्के सेलमध्ये, निदान ९० टक्के दिवस, कॉल ड्रॉप २ टक्क्यांच्या आत हवेत. पण उरलेले १० टक्के सेल कुठले असतील? दर वेळी तेच डोंगराकडचे असले, तरी कंपनी पास!

माझ्या मावशीचं गाव पाटण तालुक्यात आहे. तिथे एकाच कंपनीची रेंज येते, तीही पाण्याच्या टाकीपाशी. मावशी म्हणते, "अरे, तू मला पोर्ट कर म्हणतोस, पण करू कुठं? दुसरा टॉवर तर दिसू दे!" तिचं बरोबर आहे. देशात चार कंपन्या असतील, तिच्या गावात एकच आहे. स्पर्धा नकाशावर असून भागत नाही, गावात लागते. आणि आता रेंज म्हणजे नुसत्या गप्पा नाहीत. बँकेचा ओटीपी, ई-पीक पाहणीचा फोटो, कॉलेजचा फॉर्म, सगळं त्या टाकीपाशीच येऊन अडतं.

लोकांना क्वालिटी कळत नाही, असं मात्र म्हणू नका. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने भाव वाढवले. लोक चिडून बीएसएनएलकडे गेले. त्या महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक वाढले, बाकी तिघांचे घटले. पण तेव्हा त्यांचं ४जी बऱ्याच ठिकाणी तयार नव्हतं. थोड्या महिन्यांत आकडा परत घसरायला लागला. म्हणजे माणूस भावासाठी जातो, पण राहतो रेंजसाठी.

मग आपण काय करायचं?

एक, पोर्ट करण्याआधी कंपनीच्या वेबसाईटवर कव्हरेजचा नकाशा बघा. ऑक्टोबर २०२४ पासून तो दाखवणं बंधनकारक आहे. पण नुसत्या नकाशावर विसंबू नका, शेजाऱ्यांना विचारा. जमलं तर दुसऱ्या स्लॉटमध्ये महिनाभर ते सिम वापरून बघा. तोवर वर्षाचा रिचार्ज मारू नका.

दोन, पोर्ट करायचं ठरलं तर मेसेजमध्ये पोर्ट लिहून पुढे आपला नंबर टाका आणि १९०० ला पाठवा. येणारा कोड चार दिवस चालतो.

तीन, तक्रार केली तर डॉकेट नंबर घ्याच. काम झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि मावशीच्या गावाचं काय? जिथे चार टॉवर कुणालाच परवडणार नाहीत, तिथे एक टॉवर सगळ्यांनी वापरायचा, हाच सरळ उपाय. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरवर हे सुरू झालं: टॉवर एका कंपनीचा, पण जिओ, एअरटेल, बीएसएनएल, कुठलंही सिम चालेल. माझ्या मते हे सगळ्या दुर्गम भागांत, खासगी टॉवरवरसुद्धा व्हायला हवं. एसटी स्टँड एकच असतो, तिथून गाड्या सगळ्या गावांना सुटतात, तसं. कंपन्यांनी भांडावं ते सेवेवरून. त्यासाठी गावात आधी सेवा पोचायला हवी.

तुमच्या गावात किती कंपन्यांची रेंज येते? आणि कुठे उभं राहिल्यावर येते? टाकी, गच्ची की देवळामागचा कट्टा? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. रेंज मिळाली तर लगेच पाठवा, नाही मिळाली तर मिळेल तेव्हा!

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!