औषधाच्या चिठ्ठीआधी दिवस विचारा



आपल्या व्यवसायाची संमेलनं सहसा एखाद्या रिसॉर्टमध्ये भरतात. मागे औषध कंपनीचा फलक असतो आणि मधुमेहावरचं व्याख्यान संपलं की गुलाबजाम असतात. तुम्ही हे संमेलन कर्जत तालुक्यातल्या पोशीर गावात भरवलंत आणि पहिल्या रांगेत आशाताईंना बसवलंत, याबद्दल आधी आभार. अध्यक्षीय भाषण मात्र तुम्ही जेवणाच्या तोंडावर ठेवलं आहे, तेव्हा मुद्द्याचं बोलतो.

विषय तुम्ही दिला आहे प्रौढांची राहणी आणि आरोग्य. या विषयावर आपण दवाखान्यात रोज बोलतो आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो : मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला, टेन्शन घेऊ नका. समोरचा माणूस मान डोलावतो, गोळ्या घेतो आणि जातो. तीन महिन्यांनी येतो तेव्हा रक्तदाब होता तिथेच असतो. आपण म्हणतो, पेशंट ऐकत नाही. माझं म्हणणं असं आहे की आपण विचारत नाही. औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी त्या माणसाचा दिवस कसा जातो, हे विचारायला हवं.

नेरळचे एक गृहस्थ माझ्याकडे येतात. वय पन्नाशीच्या आत, मुंबईत एका इमारतीत सुरक्षारक्षक. पहाटे पावणेचारला उठतात, अंधारातच लोकल धरतात, रात्री दहाला घरी येतात, जेवतात आणि आडवे होतात. या दिवसात सकाळचा अर्धा तास फिरायला जायचा कुठून? रात्रीची रक्तदाबाची गोळी सारखी राहायची, कारण येताना गाडीत डोळा लागायचा आणि घरी आल्यावर भूक आणि झोप यांच्यापुढे गोळी आठवायची नाही. मार्ग मी काढला नाही, त्यांच्या डब्यातल्या भजनी मंडळाने काढला. मध्य रेल्वेच्या लांबच्या गाड्यांत टाळ घेऊन बसणारी ही मंडळी तुम्ही पाहिली आहेत. गोळी सकाळची करून घेतली, पाकीट पासाच्या कव्हरमध्ये गेलं, आणि बदलापूर गेलं की शेजारचा विचारतो, "बुवा, गोळी?" आता दाब आटोक्यात आहे. आरोग्याला सामाजिक अंग असतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 1948 पासून आपल्या घटनेतच लिहून ठेवलं आहे. ते अंग मला कर्जत लोकलमध्ये दिसलं. हा माणूस दोन दिवस गाडीला आला नाही तर चार घरी फोन जातात. शहरातल्या किती मोठ्या पगारदारांच्या बाबतीत असं होतं?

व्यायामाबद्दलही आपण थोडं मोकळं व्हायला हवं. 1953 साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. शारीरिक हालचाल आणि हृदय यांच्या संबंधाचा आधुनिक अभ्यास तिथून सुरू झाला, आणि तो व्यायामशाळेत नव्हे, नोकरीच्या जागी झाला. आज प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी असं सांगतात. एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग हवीत, ही जुनी अट 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतून गेली. म्हणजे पुलाचा जिना, वाडीपासून रस्त्यापर्यंतची चढण, सगळं जमेस धरायचं. आमच्या सुरक्षारक्षकांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं आपण काहीच करत नाही, असं त्यांना वाटत होतं.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस. पाच-दहा वर्षांपूर्वी त्याने जमीन विकली. तिथे आज फार्महाऊस आहे, निळा तलाव आहे, शनिवारी रात्री डीजे आहे. त्याला आपण थट्टेने गुंठामंत्री म्हणतो, पण त्याच्या शरीराचा हिशोब थट्टेचा नाही. या भागातल्या भातशेतीने वर्षाचं वेळापत्रक ठरवलेलं होतं : राब भाजायचा, पेरायचं, गुडघाभर चिखलात लावणी करायची, बेणायचं, कापायचं, झोडायचं. 'अष्टांगहृदया'त वाग्भटाने दिनचर्येच्या अध्यायाला लागूनच ऋतुचर्येचा अध्याय ठेवला आहे. इथल्या शेतकऱ्याला तो वाचायची गरज नव्हती, शेत ते करून घेत होतं. जमीन गेली तेव्हा नांगर सुटला, ताटातला भाताचा डोंगर तेवढाच राहिला. शिवाय वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरी गेली, हातात पैसा आला, दारात गाडी आली आणि संध्याकाळी 'बसायला' मित्र आले. पैसा संपल्यावर मित्र गेले. असे रुग्ण साखर तपासायला येतात, पण खरं दुखणं सांगायला त्यांना दहा मिनिटं लागतात : सकाळी उठून जायचं कुठे, हेच त्यांना कळत नाही. मेटफॉर्मिनच्या पाकिटावर यावर काही लिहिलेलं नसतं. अशा माणसाला टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या आणि त्याहून आधी त्याला उरलेल्या दोन गुंठ्यांत भाजी लावायला सांगा. माझा अनुभव आहे की भाजीचा सल्ला तो आधी ऐकतो.

साखरेचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशातले मधुमेही सुमारे 10 कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 13 कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला. हे सगळे खादाड आणि आळशी आहेत का? पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा जो अभ्यास चालवला, तो आपल्या प्रत्येकाने वाचायला हवा. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी बऱ्यापैकी टिकून होती. 2004 मध्ये याज्ञिकांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला, सोबत जॉन युडकिन हे इंग्रज सहकारी. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाट्यावर दोघेही सडपातळ!

म्हणून कशेळ्याचा किंवा कळंबचा काटकुळा शेतकरी समोर आला की वजन पाहून त्याला सोडू नका. टेप काढा आणि कंबर मोजा. पुरुषाची 90 सेंटिमीटर, बाईची 80, याच्या वर गेली की साखर तपासा. आणि त्याला दोष देण्याआधी त्याच्या आजीची भूक आठवा. हा तालुका भुकेचाच आहे. माथेरानचे भाई कोतवाल, जे 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झाले, त्यांनी त्याआधी इथल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. का? तर पावसाळ्यात घरातलं धान्य संपायचं आणि सावकाराकडे जावं लागायचं. त्या पावसाळ्यांत जी बाई गरोदर होती तिचा नातू आज माझ्या बाकावर साखरेचा रिपोर्ट घेऊन बसलेला असतो. राहणी त्याने निवडली असेल, शरीर त्याने निवडलेलं नाही.

तरीही मी सगळ्यांना माफी वाटायला उभा नाही. मिश्री घ्या. तव्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की चुरडायची, पत्र्याच्या छोट्या डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, चहानंतर, दुपारी, आणि रात्री निजताना दातांवरून बोट फिरतं. विचारलं तर बाई सांगते, "डॉक्टर, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही." हे खोटं नाही, तंबाखूने आतड्यांना चालना मिळते. पण हीच डबी सासू सुनेला दाढदुखीवर देते, गरोदरपणाच्या मळमळीवर देते, आणि मग ती कायमची कमरेला लागते. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे 27 टक्के प्रौढ माणसं तंबाखू वापरताना आढळली, आणि त्यातली बहुतेक बिनधुराची. गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे. तो कुठे मिळतो ते तुम्हा-मला माहीत आहे. जीवनशैलीवर भाषणं देणारे आपल्यातले किती जण ओपीडीत आलेल्या बाईला "आ करा" म्हणतात? गालाच्या आतला पांढरा चट्टा बघायला टॉर्च आणि लाकडी पट्टी पुरते, अर्धं मिनिट लागतं. आशाताई, तुम्ही हे आमच्यापेक्षा चांगलं करू शकता, कारण ती डबी तुम्हाला दाखवतात, आम्हाला लपवतात.

मिठाचंही तेच. आगोटीला सुकट, बोंबील भरून ठेवल्याशिवाय आपला पावसाळा जात नाही. ते बंद करा म्हटलं तर रुग्ण दवाखाना बदलेल, आणि त्याचं बरोबर असेल. कोमट पाण्यात भिजवा, ते पाणी फेका, दुसऱ्यांदा धुवा आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका, एवढं सांगा. कर्जत स्टेशनच्या वड्याबद्दल मी मुद्दामच बोलत नाही. व्यासपीठावरच्या काही जणांनी येताना खाल्ला आहे.

आणि ज्यांच्यापुढे हे सगळं बोलणंच अप्रस्तुत आहे, तीही माणसं याच तालुक्यात आहेत. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाला मी कोणती जीवनशैली सुचवू? तिथे पांडुरोग, खोकला आणि दारू यांचा बंदोबस्त आधी. पावसाच्या तोंडावर ठाकर बाया रानातून शेवळं आणतात, नेरळ-कर्जतच्या स्टेशनाबाहेर विकतात. डोंबिवलीची गिऱ्हाइकं, शेवळांत घालायची काकडं आहेत ना, असं दोनदा विचारतात, खाज सुटू नये म्हणून. रानभाजी अशी शहरात जाते आणि विकणारीच्या पाटीत परतताना बिस्किटाचे पुडे असतात. पोरांना तेच हवं असतं.

डोंगराखाली हल्ली 'वेलनेस'च्या पाट्या लागल्या आहेत. पहाटे उठणं, दिवस मावळायच्या आत जेवण, नाचणीची भाकरी, फोन बंद : हे सगळं तिथे पॅकेजमध्ये मिळतं. माझा त्याला विरोध नाही. वर घाटमाथ्यावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेलं, ती परंपरा मोठी आहे. पण पाहुण्यांना सातला जेवू घालणारा वाडीतला मुलगा स्वतः रात्री एक वाजता जेवतो आणि पाहुण्यांच्या प्राणायामासाठी पाचला सतरंज्या अंथरतो. त्याची ॲसिडिटी आपल्याकडे येते. तेव्हा त्याची ड्यूटी विचारा.

या गावाला आणखी एक काळजी आहे. पोशीर आणि शिलार धरणांना राज्य सरकारने 2025 मध्ये मान्यता दिली. धरण हवं की नको, हे ठरवायला मी इथे आलेलो नाही. पण घर राहणार की पाण्याखाली जाणार हे ज्याला माहीत नाही, त्याला "टेन्शन घेऊ नका" म्हणणारा डॉक्टर हास्यास्पद ठरतो. त्याच्या केसपेपरवर झोपेचे तास लिहा.

डॉ. अभय बंग यांना 1995 साली, पंचेचाळिशीच्या आसपास, हृदयविकाराचा झटका आला. त्यातून आलेलं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक मराठी घराघरांत गेलं. माझ्यासारख्यांच्या व्याख्यानांनी जेवढं झालं नाही तेवढं त्याने केलं, कारण त्यात एक डॉक्टर स्वतःचा दिवस तपासतो. आपल्याच जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून, तासातासाला नाडी आणि दाब टिपून जगाला उपचार दिला. दोघांकडून घ्यायची ती ही सवय : बसायचं, बघायचं आणि टिपायचं.

म्हणून ठराव एकच मांडतो, आणि तो आजच मंजूर करावा. तिशीच्या पुढच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर चार ओळी वाढवायच्या : उठतो कधी, निजतो कधी, शेवटचं जेवण कधी, आणि घरी बोलायला कोण आहे. सोबत कंबर आणि तोंडाची तपासणी. हे काम भरल्या ओपीडीत जमणार नाही, असं कुणीतरी आत्ताच पुटपुटलं. बरोबर आहे. म्हणून आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला मिळावा, अशी मागणी ठरावातच घालू. आणि नेरळ-कर्जतच्या डॉक्टरांनी आपसांत वाटून घेऊन रविवारची सकाळ दवाखाना उघडा ठेवावा, कारण रोज पहाटे गाडी धरणाऱ्यांना इतर सहा दिवस आपण भेटतच नाही. पहिल्या रविवारी मी बसतो. दुसऱ्यासाठी कोण हात वर करतं?